सोपे सूर आणि न ऐकलेले शब्द

१९६३ च्या डिसेंबर महिन्यातील दोन घटना प्रथम शेजारी शेजारी ठेवून पाहू. ४ डिसेंबर रोजी रोममध्ये द्वितीय व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज २१४७ विरुद्ध ४ अशा मतांनी संमत केला आणि पोप सहावे पॉल यांनी तो जगापुढे ठेवला. उपासनेत भाविकांनी परक्यांसारखे मूकपणे बसू नये, जे म्हटले जाते ते समजून-उमजून त्यात भाग घ्यावा, आणि त्यासाठी लोकांच्या भाषेला अधिक वाव मिळावा, हा त्या दस्तऐवजाचा गाभा होता. त्यानंतर तीनच दिवसांनी, ७ डिसेंबर या तारखेच्या अंकात, अमेरिकेतील 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने लोकप्रिय गाण्यांची आपली नेहमीची यादी छापली. तिच्या अग्रस्थानी होते बेल्जियममधील एका धर्मभगिनीने गिटारवर गायिलेले संत डॉमिनिक यांच्यावरील गीत. ते फ्रेंच भाषेत होते आणि ज्या असंख्य अमेरिकन घरांत ते दिवसरात्र वाजत होते, त्यांतील बहुतेकांना फ्रेंचचा गंधही नव्हता.

एकीकडे ख्रिस्तसभा 'समजून गा' असे सांगत होती आणि दुसरीकडे जग न समजलेल्या एका भक्तिगीतावर जीव ओवाळून टाकत होते. हा निव्वळ योगायोग होता हे खरे. तथापि काही योगायोग इतिहासकाराला बोट धरून नेमक्या जागी घेऊन जातात. विसाव्या शतकाच्या मध्यास ज्या शांत, मधुर, कानाला न टोचणाऱ्या संगीताने पाश्चात्त्य देशांतील याद्या जिंकल्या, त्या संगीताचा विचार या जागेवरून करण्यासारखा आहे. हे संगीत ऐकायला सोपे होते. परंतु ते कोणासाठी सोपे होते, आणि त्या सोपेपणाची किंमत कोणी मोजली?

यादी कशी जन्मली

'ईझी लिसनिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराला आपण सोयीसाठी 'सहजश्राव्य संगीत' म्हणू. व्हायोलिनांचा मोठा ताफा, मृदू पियानो, संथ लय, गायक असलाच तर घरातल्या माणसाशी बोलावे तसा त्याचा आवाज. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस व एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली. तोपर्यंतची तबकडी तीन-चार मिनिटांत संपत असे आणि ऐकणाऱ्याला पुन्हा पुन्हा उठावे लागे. नवी तबकडी एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक काळ वाजू लागली. स्वयंपाक, शिवणकाम, जेवण, पाहुण्यांशी गप्पा असे सारे चालू असताना मागे संगीत तेवत राहावे, ही सोय प्रथमच सामान्य कुटुंबाला मिळाली.

१९५० च्या दशकाच्या मध्यास रॉक अँड रोलचे वादळ आले. तरुण पिढी त्याच्या मागे गेली. त्यांच्या आईवडिलांना मात्र तो गोंगाट वाटे. ऑगस्ट १९५८ पासून 'बिलबोर्ड' साप्ताहिक 'हॉट हंड्रेड' ही शंभर गाण्यांची एकत्रित यादी छापू लागले होते. तीत सगळेच येई. जी नभोवाणी केंद्रे प्रौढ श्रोत्यांसाठी चालत, त्यांना वेगळी यादी हवी होती. म्हणून जुलै १९६१ मध्ये 'ईझी लिसनिंग' नावाची स्वतंत्र यादी सुरू झाली. ती तयार करण्याची पद्धत मोठी बोलकी होती. पहिली काही वर्षे, मुख्य यादी घ्यायची, तीतून रॉक अँड रोलची गाणी वगळायची आणि उरलेल्यांना त्याच क्रमाने नवे क्रमांक द्यायचे, असा हा हिशेब होता. म्हणजे हा प्रकार आपल्या अंगच्या गुणांवरून ठरला नाही. जे त्रास देत नाही ते सहजश्राव्य, असे ठरले. पुढे या यादीची नावे बदलत गेली आणि १९७९ पासून ती 'अ‍ॅडल्ट कंटेम्पररी' या नावाने छापली जाऊ लागली.

आपल्या वाचकांना हे संगीत अगदीच परके नाही. जिम रीव्हज यांचा मखमली आवाज आपल्याकडील अनेक ख्रिस्ती घरांत पोहोचला. त्यांच्या बारा नाताळगीतांची तबकडी १९६३ चीच, आणि नाताळच्या दिवसांत ती आजही ऐकू येते. रीव्हज १९६४ साली विमान अपघातात गेले. आवाज मात्र दर डिसेंबरला परत येतो.

सोपेपणामागील कष्ट

या संगीताला टीकाकारांनी पुष्कळ नावे ठेवली. भिंतीवरच्या रंगीत कागदासारखे संगीत, अशी त्याची हेटाळणी झाली. पण ते घडवणे सोपे नव्हते.

व्हेनिसमध्ये १९०५ साली जन्मलेले आणि लहानपणीच इंग्लंडमध्ये आलेले वाद्यवृंदप्रमुख मांतोवानी यांचे उदाहरण घ्या. १९५१ साली त्यांच्या वाद्यवृंदाने 'शार्मेन' ही जुनी वॉल्ट्झ धून नव्या रूपात वाजवली आणि ते जगभर गाजले. त्या धुनेतील व्हायोलिने एखाद्या धबधब्यासारखी एकमेकांवर कोसळत येतात. ही किमया मांतोवानींची नव्हती. ती त्यांचे संगीत-संयोजक रॉनल्ड बिंज यांची होती. बिंज बालपणी डर्बी शहरातील चर्चच्या गायनवृंदात गात असत. मोठ्या प्रार्थनामंदिरात एक सूर संपण्यापूर्वीच दुसरा सुरू होतो आणि दगडी कमानींखाली सूर सुरात मिसळत राहतात, हा अनुभव त्यांना ठाऊक होता. तोच परिणाम लहान खोलीत कसा साधावा, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी व्हायोलिनवादकांचे गट पाडले. धुनेचा एकेक स्वर एकेका गटाला वाटून दिला आणि आपला स्वर पुढच्या गटाचा स्वर सुरू झाल्यावरही धरून ठेवायला सांगितले. प्रतिध्वनी कागदावरच लिहिला गेला. कोट्यवधी लोकांनी तो ऐकला आणि त्याला 'मांतोवानींचा नाद' असे नाव दिले. बिंज यांचे नाव जाणकारांपुरते राहिले.

कॅनडात १९०८ साली जन्मलेले पर्सी फेथ पियानोवादक होणार होते. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या कपड्यांनी पेट घेतला. फेथ यांनी ती आग नुसत्या हातांनी विझवली. बहीण वाचली, पण भाजलेल्या हातांमुळे मैफिलीतील पियानोवादनाचा मार्ग बंद झाला. तेव्हा ते दुसऱ्यांसाठी संगीत लिहू लागले. १९६० साली 'अ समर प्लेस' या चित्रपटातील मॅक्स स्टायनर यांची धून त्यांनी आपल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली आणि ती सलग नऊ आठवडे अमेरिकेच्या यादीत पहिली राहिली. तिच्यात कोठेही वेदनेचा स्वर नाही. तबकडी लावणाऱ्याला त्या हातांची गोष्ट माहीत असण्याचे कारणही नव्हते.

नावाचेही तसेच. फेब्रुवारी १९६१ मध्ये लॉरेन्स वेल्क यांच्या वाद्यवृंदाची 'कलकत्ता' ही धून पहिल्या क्रमांकावर आली. वेल्क हे नॉर्थ डकोटातील जर्मनभाषक शेतकरी वस्तीत वाढलेले श्रद्धाळू कॅथलिक. धून हायनो गाझे या जर्मन संगीतकाराची. तिचा आपल्या कलकत्त्याशी सुतराम संबंध नव्हता. यापूर्वीही तिची इतर नावे होऊन गेली होती. दूरदेशीचा थोडा सुगंध यावा, एवढेच त्या नावाचे काम होते.

येथवर हे निरुपद्रवी वाटते. धुनेला शब्द नसतात, तेव्हा नाव बदलले म्हणून फारसे बिघडत नाही. परंतु ज्या गाण्यांना शब्द होते, त्यांचे काय झाले? १९५८ साली दोमेनिको मोदुन्यो यांचे 'व्होलारे' हे इटालियन गीत पाच आठवडे अमेरिकेत अग्रस्थानी होते. भाषा न कळता गाणे जिंकू शकते, हे तेव्हाच दिसून आले होते. १९६३ साली मात्र एकाच वर्षात अशी दोन गाणी आली, आणि ती दोन्ही 'हॉट हंड्रेड'मध्ये व सहजश्राव्य यादीत, अशी दोन्हीकडे पहिली आली. त्यांच्या कहाण्या एकत्र वाचल्या पाहिजेत.

आसवे आणि सुकीयाकी

पहिले गाणे जपानचे. १९६० साली जपान आणि अमेरिका यांच्यातील संरक्षण कराराविरुद्ध तोक्योच्या रस्त्यांवर प्रचंड निदर्शने झाली. तरीही करार झालाच. त्या निदर्शनांत रोकुसुके एई नावाचा एक तरुण कवी होता. १९३३ साली जन्मलेला, तोक्योतील एका बौद्ध मंदिराच्या घराण्यात वाढलेला. पराभवाची खंत मनात घेऊन घरी परतणाऱ्या या तरुणाच्या मनात जे दाटून आले, त्यातून पुढे एक गीत जन्मले. एकाकी रात्री चालणारा माणूस आसवे गळू नयेत म्हणून मान वर करून चालतो, अशी त्यातील कल्पना. हाचिदाई नाकामुरा यांनी त्याला चाल दिली आणि १९६१ साली क्यू साकामोतो या एकोणीस वर्षांच्या गायकाने ते गायिले. शब्दांत राजकारणाचा उल्लेख नाही. त्यामुळे जपानमधील प्रत्येकाने त्यात आपापले दुःख पाहिले.

ब्रिटनमधील 'पाय' या तबकडी कंपनीच्या प्रमुखांनी हे गाणे जपानमध्ये ऐकले आणि केनी बॉल यांच्या वाद्यवृंदाकडून त्याची धून वाजवून घेतली. मूळ जपानी शीर्षक इंग्रजांच्या जिभेवर बसणार नाही, म्हणून त्यांनी गाण्याला नाव दिले 'सुकीयाकी'. सुकीयाकी म्हणजे मांस व भाज्या एकत्र शिजवून करावयाचा एक जपानी पदार्थ. आपल्याकडील एखाद्या हृदयस्पर्शी विरहगीताला परदेशी व्यापाऱ्याने 'झुणका-भाकर' म्हणून विकावे, तसलाच हा प्रकार. तेच नाव अमेरिकेत साकामोतो यांच्या मूळ जपानी गाण्यालाही चिकटले. १५ जून १९६३ च्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तीन आठवडे तेथे राहिले.

ज्या करारामुळे कवीच्या डोळ्यांत पाणी आले, तो करार अमेरिकेशी झालेला होता. आणि तीच अमेरिका आता हे गाणे शिट्टीवर वाजवत होती. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. उलट, महायुद्धाला अठरा वर्षेही झाली नसताना पूर्वीच्या शत्रूच्या भाषेतील गीत अमेरिकन माणसाला आवडावे, ही चांगलीच गोष्ट होती. सूर जेथवर पोहोचतात तेथवर तह पोहोचत नाहीत. तरीही हे मान्य केले पाहिजे की अमेरिकेने ऐकले ते 'सुकीयाकी'. एई यांचे गीत तिच्या कानांवर पडले, मनापर्यंत गेले नाही.

हसऱ्या भगिनीचे गाणे

दुसरे गाणे आपल्या अधिक जवळचे. ते गाणाऱ्या भगिनीही एई यांच्याप्रमाणे १९३३ सालच्याच. ज्याँ देकर्स यांचा जन्म त्या वर्षीच्या १७ ऑक्टोबरचा, ब्रसेल्समधला. १९५९ साली त्यांनी वॉटर्लूजवळील फिशर्मों येथील डॉमिनिकन मिशनरी भगिनींच्या मठात प्रवेश केला आणि सिस्टर ल्यूक-गॅब्रिएल हे नाव घेतले. गिटार सोबत होती. तिलाही त्या लाडाने 'सिस्टर अ‍ॅडेल' म्हणत. मठात तपसाधनेसाठी येणाऱ्या मुलींपुढे त्या स्वतः रचलेली गीते गात. मुलींना ती आवडत, आठवण म्हणून हवी असत. तेव्हा थोड्याशा प्रती काढून घ्याव्यात, या साध्या हेतूने १९६१ मध्ये भगिनी ब्रसेल्समधील फिलिप्स कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहात गेल्या.

कंपनीच्या लोकांनी गाणी ऐकली आणि त्यांना व्यापाराची संधी दिसली. तबकडी बाजारात आली. व्रतस्थ भगिनीचे खरे नाव जाहीर करायचे नाही, अशी मठाची अट होती. म्हणून कंपनीने टोपणनाव दिले 'सर सूरीर', म्हणजे 'हसरी भगिनी'. अमेरिकेत ती 'द सिंगिंग नन', गाणारी जोगीण झाली. युरोपात जम बसल्यावर १९६३ च्या नोव्हेंबरच्या प्रारंभी 'डॉमिनिक' अमेरिकेच्या यादीत आले. त्याच महिन्याच्या २२ तारखेला राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. शोकाकुल देशाला या निर्मळ आवाजाने दिलासा दिला, असे तेव्हापासून सांगितले जाते. गाणे त्याआधीच वर चढू लागले होते हे खरे. पण त्या दिवसांत त्याची ओढ वाढली असेल, तर त्यात नवल नाही. ते चार आठवडे पहिले राहिले. त्याच भगिनीच्या गीतांची दीर्घ तबकडीही दहा आठवडे अग्रस्थानी होती.

या गाण्यात आहे तरी काय? संत डॉमिनिक यांची जीवनकथा आहे: गरिबीत, पायी, गात-गात फिरणारा आणि देवाशिवाय दुसरे न बोलणारा प्रचारक. संत डॉमिनिक यांच्या संघाला १२१६ साली पोप तिसरे होनोरियुस यांनी मान्यता दिली आणि त्याचे नावच 'प्रवचनकारांचा संघ' असे आहे. शब्द लोकांपर्यंत पोहोचवावा, यासाठी हा संघ जन्मला. त्याच संघाच्या एका कन्येचे गीत सातासमुद्रापार गेले ते शब्दांविना. त्याचे इंग्रजी रूपांतर झाले होते. ते नोएल रेनी यांनी केले होते. पण लोकांनी उचलले ते फ्रेंचच. कळत नव्हते म्हणूनच ते कोणाला खुपले नाही.

याच आठवड्यांतील आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. 'डॉमिनिक'च्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर 'लुई लुई' नावाचे रॉक गाणे होते. ते इंग्रजी असूनही गायकाचे उच्चार इतके अस्पष्ट होते की त्यात काहीतरी अश्लील दडले आहे, असा पालकांना संशय आला. १९६४ साली तक्रारी थेट सरकारकडे गेल्या आणि एफबीआयने तबकडी वेगवेगळ्या वेगांनी वाजवून तपास केला. सुमारे दोन वर्षांच्या खटाटोपानंतर निष्कर्ष निघाला की शब्द कळतच नाहीत. दुसऱ्या क्रमांकाचे शब्द कळत नाहीत म्हणून देश चिंतेत पडला, आणि पहिल्या क्रमांकाचे कळत नाहीत याची चिंता कोणालाच वाटली नाही.

जानेवारी १९६४ मध्ये एड सलिव्हन यांच्या गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात, मठात जाऊन केलेले या भगिनीचे चित्रण दाखवण्यात आले. पुढच्याच महिन्यात त्याच कार्यक्रमात बीटल्स आले आणि वारा फिरला. मे महिन्यात 'डॉमिनिक'ला धार्मिक संगीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १९६६ साली हॉलिवूडने डेबी रेनॉल्ड्स यांना घेऊन 'द सिंगिंग नन' हा चित्रपट काढला. तो पुष्कळसा कल्पित होता आणि ज्यांच्यावर तो बेतला होता, त्यांना तो मुळीच रुचला नाही.

यादीबाहेरचे आयुष्य

सर्वसाधारणपणे गोष्ट येथे संपवली जाते. परंतु यादी संपते तेथे माणूस संपत नाही.

सिस्टर ल्यूक-गॅब्रिएल यांनी अपरिग्रहाचे व्रत घेतलेले होते. तबकड्यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा कंपनीकडे गेला; जो त्यांच्या नावे आला, तो व्रतानुसार मठाकडे गेला. त्यांच्या हाती काही राहिले नाही, आणि तशी त्यांची अपेक्षाही नव्हती. लूवां येथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेत असताना जग कूस बदलत होते, परिषदेचे वारे वाहत होते, आणि त्यांच्या मनातही प्रश्न उभे राहत होते. १९६६ साली त्यांनी मठ सोडला. श्रद्धा मात्र सोडली नाही. डॉमिनिकन परिवाराशी प्रापंचिक सभासद म्हणून त्या नाते ठेवून राहिल्या. त्यांनी पुन्हा गाण्याचा प्रयत्न केला तेव्हा कळले, की करारानुसार 'सर सूरीर' हे नावदेखील आपले नाही. १९६७ साली 'ल्यूक डॉमिनिक' या नव्या नावाने तबकडी निघाली. त्याच वर्षी त्यांनी संततिनियमनाच्या गोळीचे स्वागत करणारे गीतही गायिले. ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी ते जुळणारे नव्हते आणि त्यावरून गदारोळ झाला. ज्या श्रोत्यांनी 'डॉमिनिक'ला डोक्यावर घेतले होते, त्यांनी पाठ फिरवली. त्यांना हवी होती हसरी भगिनी. विचार करणारी, चुकणारी, प्रश्न विचारणारी बाई नको होती.

जिवलग सहचरी अ‍ॅनी पेशे यांच्यासह त्या वाव्र या गावी राहिल्या. दोघींनी मिळून आत्ममग्न मुलांसाठी शाळा काढली; पैशांअभावी ती बंद पडली. १९७० च्या दशकात बेल्जियमच्या करखात्याने जुन्या उत्पन्नावरील कराची मागणी केली. पैसे मठाला दिले होते, हे सांगून उपयोग झाला नाही. तसे दाखवणारे कागद त्यांच्यापाशी नव्हते. १९८२ साली त्यांनी 'डॉमिनिक' आधुनिक विद्युत वाद्यांच्या साथीने पुन्हा गायिले, पण ते चालले नाही. २९ मार्च १९८५ रोजी दोघींनी आपली जीवनयात्रा स्वतःच्या हाताने संपवली. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत, आपण श्रद्धा सोडलेली नाही आणि आपला अंत्यविधी ख्रिस्तसभेच्या रीतीने व्हावा, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली होती. वाव्रच्या दफनभूमीत दोघी एकाच थडग्यात विसावल्या आहेत.

त्याच वर्षी १२ ऑगस्टला जपानमध्ये प्रवासी विमान डोंगरावर कोसळले. त्यात ५२० जण मृत्युमुखी पडले. क्यू साकामोतो त्यांपैकी एक होते. वय अवघे त्रेचाळीस. १९६३ साली अमेरिकेला परभाषेत गाऊन रिझवणारे दोन्ही आवाज १९८५ साली थांबले.

देकर्स यांच्या शेवटाबद्दल निवाडा देणे आपले काम नव्हे. ख्रिस्तसभा आपल्याला आयुष्याचे मोल शिकवते. तीच निराशेने पिचलेल्या जिवांसाठी प्रार्थना करायलाही शिकवते. कंपनी, करखाते, मठ, प्रसारमाध्यमे यांपैकी कोणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करूनही ही कथा सुटत नाही. प्रत्येकाने आपापल्या नियमानुसार वागून घेतले. पण या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट कोणीच केली नाही. 'ही बाई काय म्हणते आहे?' असा प्रश्न तिच्या पहिल्या गाण्यापासून शेवटच्या पत्रापर्यंत फारसा कोणाला पडला नाही. गरिबीचे गुणगान करणाऱ्या गीतावर संपत्ती उभी राहिली, आणि गाणारी खरीच गरीब झाली तेव्हा श्रोते दुसऱ्या गाण्याकडे वळलेले होते.

आपल्यासाठी

मग सहजश्राव्य संगीत वाईट का? मुळीच नाही. दिवसभर कष्टलेल्या माणसाने संध्याकाळी चार मधुर सूर ऐकून विसावा घेतला, तर त्यात पाप नाही. बिंज यांनी प्रार्थनामंदिराचा प्रतिध्वनी गरिबाच्या खोलीत आणला, ही सेवाच म्हटली पाहिजे. आणि न कळणाऱ्या भाषेतील सूरही मनाला उंच नेऊ शकतो, हे लॅटिन स्तोत्रे ऐकत वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको. परिषदेनेही लॅटिन भाषा टाकून दिली नव्हती. ग्रेगोरियन गायनाला तिने मानाचे स्थान दिले. तिचा आग्रह इतकाच होता की, भाविकाने जाणतेपणे सहभागी व्हावे. लोकांच्या भाषेचे हे महत्त्व आपल्या भूमीत त्याच्या साडेतीन शतके आधी एका धर्मगुरूने ओळखले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी इंग्लंडमधून येऊन मराठी आत्मसात केली, आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले ते ऐकणाऱ्याला कळावे म्हणूनच.

परिषदेनंतर आपल्या धर्मग्रामांत मराठी मिस्सा आली, मराठी गीते आली, गिटारही आली. भाषेची भिंत पडली. तेव्हा 'डॉमिनिक'च्या श्रोत्यांपाशी जी सबब होती, ती आपल्यापाशी नाही. रविवारी गायनवृंद गातो ते प्रत्येक पद आपल्या मायबोलीत असते. तरीही चाल ओठांवर येते आणि अर्थ बाकावरच राहतो, असे किती वेळा घडते! आणि हे केवळ गीतांपुरते नाही. गायनवृंदात दरवर्षी पुढे उभी राहणारी, नेहमी हसतमुख दिसणारी एखादी मुलगी, ऑर्गन वाजवणारे एखादे वयस्क गृहस्थ, धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना गाणी शिकवणारी एखादी सिस्टर यांच्या सुरांची आपण वाहवा करतो. त्यांच्या घरी काय चालले आहे, त्यांच्या मनावर कसले ओझे आहे, हे विचारायला मिस्सा संपल्यावर आपण किती वेळ थांबतो?

'डॉमिनिक'चे इंग्रजी शब्द लिहिणाऱ्या नोएल रेनी यांचेच एक नाताळगीत आपल्याकडेही परिचित आहे: 'डू यू हिअर व्हॉट आय हिअर'. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या कड्यावर उभे असताना, त्यांनी ते शांततेची प्रार्थना म्हणून लिहिले आणि पत्नी ग्लोरिया शेन यांनी त्याला चाल दिली. १९६३ साली बिंग क्रॉस्बी यांनी ते गायिले आणि ते घराघरांत गेले. आज दुकानांत, सजवलेल्या बाजारपेठांत ते मागे कोठेतरी वाजत असते. मला जे ऐकू येते ते तुला येते का, असा त्याच्या शीर्षकातच प्रश्न आहे. येत्या नाताळात तो कानांवर पडला, तर हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून त्याचे उत्तर द्यावे.